सातवीच्या गणितात, मराठीत, नागरिकशास्त्रात संगणक आणायचा कसा?

भांडुपची बाई
शनिवार, रात्री ९.४०

नमस्कार. भांडुपच्या एका अनुदानित मराठी शाळेत मी अठरा वर्षं शिकवते आहे. सातवी 'ब'ची वर्गशिक्षिका आहे, गणित आणि विज्ञान माझ्याकडे. पट ४८. प्रश्न थोडा लांबणार आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय अडचण नीट कळणार नाही.

आमच्याकडे संगणक कक्ष आहे. चौदा मशीन, त्यांतली नऊ चालू. योजनेतून आलेले संगणक शिक्षक करार संपला तसे गेले. तेव्हापासून आठवड्याची ती एक तासिका ज्याचा तास मोकळा असेल त्याच्या वाट्याला येते. गेल्या वर्षी माझ्याकडे होती. पुस्तकात होतं तेच मी शिकवलं: संगणकाचे भाग, इनपुट, आउटपुट, पेंटमध्ये घर काढा, घराला रंग द्या. वर्षाअखेरीस तोंडी परीक्षेत बहुतेकांना पैकीच्या पैकी गुण.

जूनच्या अखेरीला माझी एक जुनी विद्यार्थिनी भेटायला आली. दहावीला छान गुण मिळालेली. अकरावीचा ऑनलाइन अर्ज तिने स्टेशनजवळच्या एका सायबर कॅफेत भरून घेतला होता. भरणाऱ्याने मोबाइल नंबर स्वतःचा टाकला, पासवर्डही स्वतःजवळ ठेवला. एक कागद पुन्हा जोडा, असा मेसेज त्याच्या फोनवर आला आणि तिथेच राहिला. पहिल्या फेरीत तिचं नावच नव्हतं. ती म्हणाली, "बाई, अर्जातलं सगळं मला वाचता येत होतं. मी खुर्चीवर बसले असते तर मीच भरला असता. पण बसायची भीती वाटली." हीच मुलगी माझ्या वर्गात 'सीपीयू म्हणजे संगणकाचा मेंदू' असं सुवाच्य लिहून पाचपैकी पाच घेऊन गेली होती. त्या रात्री मला झोप लागली नाही.

आता मुख्याध्यापिका बाईंनी सगळ्या विषयशिक्षकांना सांगितलंय की तुमच्या विषयात तंत्रज्ञान कुठे येईल ते लिहून द्या. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या टप्प्यावर कोडिंगचे उपक्रम आणायचं म्हटलंय, तेही वाचून झालं. स्टाफरूममध्ये दोन मतं आहेत. काहींना वाटतं, हे संगणक शिक्षकाचं काम, आमच्यावर कशाला. काही म्हणतात, व्हिडिओ लावू, झालं. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन करून दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपवरचे व्हिडिओ मीही लावते, काही खरंच चांगले आहेत. पण मुलं ते नुसती बघतात. हाताने काहीच होत नाही.

मला असं वाटतं की संगणक हा वेगळा विषय म्हणून शिकवला की तो परीक्षेपुरता राहतो. गणिताला त्याची गरज पडली, मराठीला पडली, तर तो मुलांच्या हातात जाईल. पण सातवीतल्या नेमक्या कुठल्या धड्याला संगणकाची खरी गरज आहे? ओढूनताणून नको. ४८ मुलं नऊ मशीनवर बसवायची कशी? आणि एक गोष्ट मला फार बोचते. एका मशीनपुढे पाच जण बसवले की माऊस हमखास मुलाच्या हातात जातो आणि मुली मागे उभ्या राहून मान उंचावून बघतात. ज्यांनी हे वर्गात केलंय त्यांनी कृपया सांगा.

परळचा गणित शिक्षक
शनिवार, रात्री ११.१५

बाई, तुम्ही भांडुपला आहात, म्हणजे विषय तुमच्या दारातच आहे. मुंबईचं बरंचसं पाणी तुमच्या भांडुप संकुलात शुद्ध होऊन पुढे जातं. मी तीन पावसाळे आठवीला तलावांच्या पाण्यावर काम करतोय. सातवीला सहज जमेल, कारण शेकडेवारी आणि सरासरी त्यांच्यापर्यंत आलेली असते.

जुलैमध्ये पेपरात रोज सात तलावांचा साठा येतो: अप्पर वैतरणा, मोडक सागर, तानसा, मध्य वैतरणा, भातसा, विहार, तुळशी. सगळे काठोकाठ भरले तर १४,४७,३६३ दशलक्ष लिटर. हा आकडा मुलांना एकदा अक्षरांत लिहायला लावा, त्यातच एक तास जातो आणि तो वाया जात नाही.

पहिला आठवडा संगणकाला हात लावू देऊ नका. चौकटीच्या वहीत सात ओळींचा तक्ता, रोज सात भागाकार. आजचा साठा भागिले पूर्ण क्षमता गुणिले शंभर. माझ्या वर्गात चौथ्या दिवशी एक मुलगा वैतागून म्हणाला, "सर, रोज आकडे बदलतात, पण करायचं तेच. मग परत परत कशाला करायचं?" त्याच तासाला मी त्यांना खाली संगणक कक्षात नेलं. स्प्रेडशीटच्या, म्हणजे संगणकावरच्या तक्त्याच्या, खणात बरोबरचं चिन्ह, मग साठ्याचा खण, भागिले, क्षमतेचा खण, गुणिले शंभर. एकदा लिहिलं आणि खाली ओढलं. सातही उत्तरं आली तेव्हा तो मुलगा आपल्या वहीशी एकेक ताडून बघत होता. सूत्र म्हणजे काय हे मला त्या दिवशी सांगावं लागलं नाही. आठवडाभर बोटं दुखल्यामुळे ते त्यांना आधीच कळलं होतं.

खरी मजा पुढे आहे. एका गटाला मी विचारलं, सगळे तलाव मिळून किती टक्के? त्यांनी सात टक्केवाऱ्यांवर सरासरीचं सूत्र चालवलं आणि उत्तर काढलं. पेपरातला आकडा त्याहून बराच कमी. गटाचं ठाम मत पडलं की पेपरवाला चुकला. मी काही बोललो नाही. दोन दिवस तसंच ठेवलं.

तुम्हाला पडताळून बघायचं असेल तर हे गणित करा. समजा विहार आणि तुळशी शंभर टक्के भरले आणि उरलेले पाच साठ टक्क्यांवर आहेत. टक्केवाऱ्यांची सरासरी येते ७१. पण पाण्यात मोजलं तर एकूण साठा जेमतेम ६१ टक्के. कारण भातसा एकटा ७,१७,०३७ दशलक्ष लिटरचा, म्हणजे मुंबईच्या साठ्याचा निम्मा. तुळशी ८,०४६चा, अर्धा टक्का. सरासरीच्या सूत्राला भातसा आणि तुळशी सारखेच. हे मुलांना कसं दिसलं सांगू? वृत्तालेख काढला तेव्हा. एक मुलगी पडद्यापाशी नाक लावून म्हणाली, "सर, तुळशी आलाच नाही. मी भरला होता." आला होता. केसाएवढी रेघ होती. मग तिनेच मागे वळून सगळ्यांना सांगितलं की 'तुळशी भरला' ही बातमी आली म्हणून पाणीकपात का जात नाही.

शहराला रोज सुमारे ३,९०० दशलक्ष लिटर पाणी पुरवलं जातं, त्याने भागून पूर्ण साठा किती दिवस पुरेल हेही त्यांनी काढलं. वर्षाच्या थोडं वर येतं. बाष्पीभवन धरलेलं नाही, असं एकाने आपणहून वहीत लिहिलं. तिथून विज्ञान आणि भूगोल सुरू होतो, तो तुम्ही पुढे न्या.

माऊसचं बोलायचं तर मी नियमच केला. गटात पाच जण. एक आकडे वाचतो, एक टंकतो, एक माऊस धरतो, एक वहीत हाताने पडताळतो, एक चुका टिपतो. दर दहा मिनिटांनी मी टेबलावर डस्टर आपटतो की सगळे एक खुर्ची सरकतात. आणि तासाला पहिली माऊसवर मुलगी. पहिल्या दोन तासांना कुरबुर झाली, नंतर कुणाच्या लक्षातही राहिलं नाही. तुमचे ४८ नऊ मशीनवर म्हणजे पाच-सहा जणांचे गट होतात, जड आहेत. अर्धा वर्ग वर आलेखाच्या कागदावर तेच काम करू दे आणि पुढच्या तासाला अदलाबदल करा. वर लक्ष ठेवायला मात्र एक सहकारी लागेल, तेवढं मुख्याध्यापिका बाईंकडून मागून घ्या.

भांडुपची बाई
रविवार, सकाळी ७.०५

सर, सकाळचा चहा ठेवून आधी ते ७१ आणि ६१चं गणित केलं. मनापासून आभार. टक्केवाऱ्यांची सरासरी काढायची चूक मोठी माणसंही करतात, मीही फळ्यावर कधी केली असेन.

आमच्या मराठीच्या मॅडमचं म्हणणं असं की टायपिंग म्हणजे भाषा नव्हे, त्यात मराठीचं काय शिकणार? त्यांना काय सांगू?

गिरगावचा डीटीपीवाला
रविवार, दुपारी १.३०

बाई, मी शिक्षक नाही. गेली बावीस वर्षं लग्नपत्रिका, दिवाळी अंक, प्रश्नपत्रिका टाइप करतोय. पण तुमच्या मराठीच्या मॅडमना एक निरोप द्या: इनस्क्रिप्टचा, म्हणजे देवनागरी टायपिंगच्या मांडणीचा, कीबोर्ड एकदा शांतपणे बघा.

ही मांडणी भारतीय मानक ब्युरोच्या १९९१च्या मानकात आहे, विंडोजमध्ये आणि लिनक्समध्ये आयती मिळते, पैसे पडत नाहीत. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. के दाबलं की क, शिफ्टसकट दाबलं की ख. एलवर त, शिफ्टने थ. एचवर प, शिफ्टने फ. आयवर ग, शिफ्टने घ. म्हणजे अल्पप्राण साधा आणि महाप्राण शिफ्टवर. शाळेत वर्णमालेच्या तक्त्यात जे पाठ केलं ते इथे बोटांना कळतं. डावीकडेही तसंच. साधी कळ दाबली की मात्रा, शिफ्टने पूर्ण स्वर. माझ्या पुतणीला मी हे दाखवलं तेव्हा ती सहावीत होती. दुसऱ्या दिवशी तिने विचारलं, "काका, म्हणजे ख हा क-लाच जोर देऊन झालाय का?" हा प्रश्न व्याकरणाच्या तासाला कुणी विचारतं का, मॅडमना विचारा.

आणखी एक. तिला सह्याद्रीवर दहा ओळी टाइप करायच्या होत्या. तिने लिहिलं, 'सह्याद्रीत खोल दर्या आहेत.' दर्या म्हणजे समुद्र! तिला हव्या होत्या दऱ्या. हाताने लिहिताना आपण तो आडवा र आपोआप काढतो, त्याचा विचार करत नाही. टाइप करताना तो अडवतो. साध्या र-ला पाय मोडून य जोडला की वर रफार जातो. दऱ्या हवं असेल तर शिफ्ट घेऊन जे दाबायचं, तो ऱ येतो, मग हलन्त (पाय मोडायची खूण), मग य. वारा-वाऱ्यावर, सुरी-सुऱ्या, दोरी-दोऱ्या असे शब्द तिने स्वतः शोधून वहीभर काढले. कुठे रफार आणि कुठे ऱ्य, याचा नियम तिने शब्द रचून रचून काढला. मला तर हे पक्कं भाषाशिक्षण वाटतं.

शाळेच्या जुन्या प्रश्नपत्रिका कृतिदेव किंवा श्रीलिपीत असतील तर मुलांना त्याही एकदा दाखवा. तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर फाइल उघडली की नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात. कारण त्या फॉन्टांनी इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरी आकार बसवले होते. युनिकोडमध्ये क-ला स्वतःचा क्रमांक आहे, तो कुठल्याही मशीनवर क-च राहतो. सातवीच्या मुलाला हे समजतं. आपल्या भाषेला मशीनमध्ये स्वतःची जागा आहे हे कळलं की मुलं मराठीत टाइप करायला लाजत नाहीत. माझ्याकडे येणारी कॉलेजची मुलं अजून मराठी पत्र इंग्रजी अक्षरांत लिहून आणतात आणि 'काका, हे मराठीत करून द्या' म्हणतात. मला वाईट वाटतं.

धारावीतली आई
रविवार, रात्री ९.५०

मी पालक आहे, मुलगा सातवीत. बाई, तुमच्या त्या विद्यार्थिनीचं वाचून डोळ्यांत पाणी आलं.

माझं सांगणं दोन गोष्टींचं. पहिली, कृपा करून मोबाइलवरचा गृहपाठ देऊ नका. आमच्या घरात धड चालणारा फोन एकच, तो मिस्टरांबरोबर रिक्षात असतो आणि रात्री अकराला घरी येतो. त्यानंतर मुलगा पडद्यात डोळे घालून बसतो. लॉकडाऊनमध्ये ते खूप झालं. शाळेतलं मशीन शाळेत, घरी वहीच द्या.

दुसरी गोष्ट. मागच्या जुलैमध्ये रात्री साडेदहाला आमच्या चाळीच्या ग्रुपवर परिपत्रकाचा फोटो आला. अतिवृष्टीमुळे उद्या सर्व शाळांना सुट्टी. बाहेर धो धो पाऊस होताच, आम्ही चार-पाच जणींनी मुलांना घरी ठेवलं. शाळा चालू होती आणि चाचणी होती. परिपत्रक आदल्या वर्षीचं, तारखेचा भाग कापून फिरवलेलं.

त्यानंतर मुलाच्या इतिहास-नागरिकशास्त्राच्या सरांनी वर्गात तेच परिपत्रक छापून आणलं. ना कॉम्प्युटर, ना प्रोजेक्टर. प्रत्येक बाकावर एक कागद. सरांनी विचारलं: यावर तारीख कुठे आहे? जावक क्रमांक आहे का? सही कुणाची, आणि त्या पदावरच्या माणसाला सुट्टी द्यायचा अधिकार आहे का? महापालिकेच्या अधिकृत खात्यावर हेच आलंय का? महापालिका काय करते आणि राज्य सरकार काय करतं, हा त्यांचा धडाच होता म्हणे. आता रात्री फॉरवर्ड आला की माझा मुलगा म्हणतो, "आई, थांब, वरचा कोपरा बघू." या पावसाळ्यात दोनदा त्याने अख्ख्या चाळीला थांबवलं. शेजारच्या आजी तर कुठलाही मेसेज आला की आधी त्याला हाक मारतात. मला यालाच डिजिटल शिक्षण म्हणावंसं वाटतं.

कुर्ल्याचा हार्डवेअरवाला
सोमवार, सकाळी १०.२०

बाई, ती बंद पाच मशीन भंगारात देऊ नका. जुन्या मशीनमध्ये बहुतेक वेळा हार्डडिस्क किंवा पॉवर सप्लाय गेलेला असतो, रॅम शाबूत असते. बंद मशीनची रॅम काढून त्याच जातीच्या चालू मशीनमध्ये टाकली की ती जरा पळायला लागतात, आणि पाचांतून एखाद-दोन पुन्हा उभीही राहतात. हलकं लिनक्स आणि लिबरऑफिस टाका, दोन्ही फुकट. तलावांचा तक्ता, आलेख, मराठी टायपिंग सगळं त्यावर होतं, इंटरनेट नसलं तरी.

तुमचे सहकारी घाबरत असतील तर पवईच्या आयआयटीचे स्पोकन ट्युटोरियल दाखवा. मराठीत आहेत, छोटे छोटे आहेत, लिबरऑफिस कॅल्कचेही आहेत. अर्ध्या पडद्यावर ते लावायचं आणि उरलेल्या अर्ध्यावर स्वतः करत जायचं. आमच्या दुकानातली दोन पोरं त्यावरच शिकली. कुठल्या शनिवारी येऊ ते सांगा, मशीन मी बघून देतो, पैसे नकोत. माझी बहीण भांडुपच्या शाळेतच शिकली.

भांडुपची बाई
शुक्रवार, रात्री १०.१०

सगळ्यांना एकदम उत्तर देते, आठवडा धावपळीत गेला.

परळचे सर, सोमवारपासून वहीतले भागाकार सुरू केले. वर्गातल्या एकीचे वडील भांडुप संकुलात कामाला आहेत. ती मंगळवारी घरून विचारून आली की तुळशीचं पाणी आपल्याकडे येतं की दुसरीकडे जातं, आणि वर्गात उभी राहून तिने ते सांगितलं. एरवी ती हजेरीलाही दबक्या आवाजात 'उपस्थित' म्हणते. आज पाचवा दिवस होता. 'रोज तेच तेच का' हा प्रश्न आला, पण मी म्हटलं, सोमवारी खाली जाऊ. सरासरीच्या चुकीबद्दल त्यांना एक शब्द सांगणार नाहीये. अर्ध्या वर्गावर वर लक्ष ठेवायला चित्रकलेचे सर तयार झालेत, आलेखाचे कागद तेच आणणार आहेत.

डीटीपीवाले दादा, मराठीच्या मॅडमना दर्या आणि दऱ्या स्टाफरूममध्ये दाखवलं. त्यांनी स्वतः शिफ्ट-जे दाबून बघितलं, मग 'आचारी' शब्द घेतला आणि 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' असे दोन्ही टाइप केले. एक शब्द न बोलता आपली नोंदवही काढून त्यांनी अशा जोड्यांची यादी करायला घेतली आहे. पुढच्या आठवड्यात एक तासिका त्या संगणक कक्षात घेणार.

धारावीच्या ताई, घरी मोबाइलवर काही देणार नाही, हे मुख्याध्यापिका बाईंकडे लेखी दिलं. तुमच्या मुलाच्या सरांचा कागद आमच्या नागरिकशास्त्राच्या सरांनी मागितलाय. जमलं तर फोटो पाठवाल का? त्यावर शाळेचं किंवा मुलाचं नाव असेल तर झाका.

कुर्ल्याचे दादा, उद्याचा शनिवार चालेल. शाळा साडेबाराला सुटते, मी एकपर्यंत थांबते.

आणि ती माझी विद्यार्थिनी. पुढच्या फेरीचा पसंतीक्रम भरायला तिला काल शाळेत बोलावलं. दारापासच्या तिसऱ्या मशीनवर ती बसली, मी बाजूच्या बाकावर वह्या तपासत बसले. मधे एकदा तिने विचारलं, "बाई, फोटो मोठा आहे म्हणतंय, काय करू?" मी उठले नाही. म्हटलं, काय लिहिलंय ते मोठ्याने वाच. तिने वाचलं, थोडा वेळ गप्प राहिली, मग फोटो लहान करून परत चढवला. नंबर आईचा टाकलाय. मेसेज आला तेव्हा आई कामावर होती, तिने फोन करून आकडे वाचून दाखवले.